तुमचे लग्न झाले होते का? : विधी आयोगास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सन्माननीय सदस्य,
भारताचा विधी आयोग, नवी दिल्ली

विषय : विवाह न करता एकत्र राहिलेल्या जोडीदारांचा वारसाहक्क

सन्माननीय महोदय,

वारसा दाखले, मृत्युपत्रांचे वाद आणि वाटपाचे दावे यांत माझ्या वकिलीची तीस वर्षे गेली. त्यांपैकी एका दाव्यामुळे हे पत्र लिहीत आहे. माझी अशील साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी होती. ज्या माणसाबरोबर तिने एकोणीस वर्षे संसार केला तो अचानक गेला होता आणि त्याच्या नावावरचा फ्लॅट त्याच्या धाकट्या भावाने वारस म्हणून मागितला होता. मृताचे आईवडील आधीच वारले होते, मूलबाळ नव्हते. कर्जाचे निम्मे हप्ते तिच्या पगारातून गेल्याचे बँकेचे उतारे आम्ही दाखल केले होते. समोरच्या वकिलांनी त्यांकडे पाहिलेसुद्धा नाही. उलटतपासणीत त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “तुमचे लग्न झाले होते का?” ती म्हणाली, “नाही. आम्ही दोघांनी विचार करूनच केले नव्हते.” घराचा दावा त्या उत्तराने संपला. हप्त्यांची रक्कम परत मागता येते का, हा वेगळा प्रश्न होता आणि तो आम्ही पुढे लढलो, पण घर गेले ते गेलेच.

निकालात कायद्याची चूक नव्हती. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे पुरुष मृत्युपत्र न करता मरण पावला, तर त्याची मिळकत प्रथम वर्ग १ च्या वारसांकडे जाते. २००५ च्या दुरुस्तीनंतर या वर्गात १६ नाती आहेत आणि त्यांत मृत मुलाच्या मृत मुलाच्या विधवेपर्यंतचा विचार केलेला आहे. त्यानंतर वर्ग २, त्यानंतर पुरुषांकडून जोडलेले दूरचे नातलग, त्यानंतर स्त्रियांकडून जोडलेले, आणि या शेवटच्या दोन गटांना पिढ्यांची मर्यादाच नाही. यांपैकी कोणीही सापडले नाही, तर कलम २९ नुसार मिळकत शासनाकडे जाते. म्हणजे मृताने ज्याचे नावही ऐकले नसेल असा सातव्या पिढीचा नातलग रांगेत आहे, सरकारही रांगेत आहे, आणि शेवटच्या आजारपणात उशाशी बसलेली व्यक्ती रांगेत कुठेच नाही. याउलट, पंधरा वर्षांपूर्वी घर सोडून गेलेली पत्नी किंवा पती, घटस्फोटाचा हुकूमनामा झालेला नसेल तोवर, पहिल्या रांगेतला वारस असतो.

विवाहाला कायद्यात वजन असावे, याबद्दल माझी तक्रार नाही. विवाह ही दोघांनी जाहीरपणे स्वीकारलेली बांधिलकी आहे आणि ज्यांनी ती स्वीकारली नाही त्यांना तिचे सगळे फायदे आपोआप द्यावेत, असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे यापेक्षा मर्यादित आहे आणि, निदान मला तरी, अधिक गंभीर वाटते. आजचा कायदा अविवाहित जोडीदारांना सरसकट नाकारत नाही. तो त्यांच्यापैकी लग्न झाल्याचा देखावा करणाऱ्यांना देतो आणि खरे सांगणाऱ्यांना नाकारतो.

हे कसे घडते ते आपणांस माहीत आहे, तरीही मांडतो. स्त्री-पुरुष दीर्घकाळ पतिपत्नीसारखे एकत्र राहिले असतील, तर त्यांचा विवाह झाला होता असे न्यायालय गृहीत धरू शकते. पूर्वी त्यासाठी १८७२ च्या पुरावा कायद्यातील कलम ११४ चा आधार होता, आता भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ मधील कलम ११९ चा आहे. बद्री प्रसाद खटल्यात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने सुमारे पन्नास वर्षांच्या सहवासानंतर लग्नाचा पुरोहित नि साक्षीदार शोधत बसण्याची अपेक्षा मोडीत काढली. २०१५ साली धन्नूलाल विरुद्ध गणेशराम या खटल्यात याच गृहीतकाचा लाभ मृताबरोबर दीर्घकाळ राहिलेल्या स्त्रीला मिळाला. २०२२ साली केरळमधून आलेल्या कट्टुकंडी एडत्तिल कृष्णन खटल्यात दीर्घ सहवासातून विवाह गृहीत धरून मुलाचा वाटणीतील हक्क मान्य झाला. हे निकाल माणुसकीचे आहेत आणि मी स्वतः ते अनेकदा न्यायालयापुढे वाचून दाखवले आहेत.

परंतु या गृहीतकाचा लाभ मिळण्यासाठी समाजाने त्या दोघांना पतिपत्नी मानलेले असावे लागते आणि विरुद्ध पुराव्याने ते खोडून काढता येते. म्हणून जिने गळ्यात मंगळसूत्र घातले, शिधापत्रिकेवर ‘पत्नी’ असे लिहून घेतले, शेजाऱ्यांना लग्न झाल्याचे भासवले, ती वारस ठरू शकते. जिने शेजाऱ्यांना, कचेरीत आणि शेवटी न्यायाधीशांना “आमचे लग्न झालेले नाही” असे सांगितले, तिने आपल्याच हाताने ते गृहीतक मोडलेले असते. शपथेवर खरे सांगणे हा जिथे पक्षकाराचा सर्वांत महागडा गुन्हा ठरतो, असा कायद्याचा दुसरा कोपरा मला तरी ठाऊक नाही. माझ्या अशिलाने नंतर मला विचारले, “मी ‘हो, देवळात झाले होते’ असे म्हटले असते तर?” वकील म्हणून या प्रश्नाचे उत्तर देण्याची मला मुभा नव्हती, आणि उत्तर काय आहे ते आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

इतिहासातली एक गोष्ट येथे नमूद करणे आवश्यक आहे, कारण सहजीवनाचा प्रश्न निघाला की हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे, असे हमखास ऐकू येते. जुन्या हिंदू विधीत ‘अवरुद्ध स्त्री’ नावाची संज्ञा होती. एकाच पुरुषाबरोबर एकनिष्ठपणे राहिलेल्या अविवाहित स्त्रीला त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या मालमत्तेतून निर्वाह मागता येत असे. मुंबईहून गेलेल्या बाई नागूबाई विरुद्ध बाई मोंघीबाई या अपिलात प्रिव्ही कौन्सिलने १९२६ साली असा हक्क मान्य केला आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने अक्कू प्रल्हाद खटल्यात १९४५ साली तो आणखी पुढे नेला. ती संज्ञा अपमानास्पद होती आणि तिच्यामागची विषमता परत आणावी, असे कोणीही म्हणणार नाही. परंतु तिच्यातला न्यायाचा भाग साधा होता : जी व्यक्ती मृतावर अवलंबून होती तिचा भार त्याच्या मागे राहिलेल्या मिळकतीने उचलावा. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियमाने अवलंबितांची नवी यादी केली. त्या यादीत अनौरस अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, मुलगा आहे, अनौरस अविवाहित मुलगी आहे. त्यांची आई नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या न्यायालयाला जी स्त्री दिसत होती ती आधुनिक संहितेला दिसेनाशी झाली, आणि कायद्याच्या सुधारणेत असेही घडते याची आपण फारशी दखल घेतलेली नाही.

मुलांचा प्रश्न त्यामानाने बराच सुटला आहे. हिंदू विवाह अधिनियमातील कलम १६ आणि १ सप्टेंबर २०२३ चा रेवणसिद्दप्पा निकाल यांमुळे शून्य (मुळातच बेकायदा) किंवा शून्यनीय (न्यायालयाकडून रद्द करून घेता येणाऱ्या) विवाहातील अपत्यांना आईवडिलांच्या वाट्यातून हिस्सा मिळतो. म्हणून या पत्रात मी जोडीदारांपुरतेच बोलतो.

यावर नेहमीचे उत्तर असते, “मग मृत्युपत्र करा.” मीही अशिलांना तेच सांगतो. पण मृत्युपत्र न करता मरणाऱ्यांसाठीच तर उत्तराधिकाराचा कायदा आहे; विवाहितांना आपण “मृत्युपत्र केले नाही, आता भोगा” असे म्हणत नाही. शिवाय मृत्युपत्र असले तरी जोडीदाराची वाट सोपी नसते. ज्याला लाभ होतो त्यानेच मृत्युपत्र करण्यात पुढाकार घेतला असेल, तर न्यायालय ते संशयाने पाहते आणि संशय दूर करण्याची जबाबदारी लाभार्थ्यावर येते. नियम योग्य आहे, पण आजारी माणसाला नोंदणी कार्यालयात घेऊन जाणारे त्याच्या घरात दुसरे कोण असते? मुस्लिम व्यक्तीगत कायद्यात वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशाहून अधिक मिळकत मृत्युपत्राने देताच येत नाही. तिथे हे उत्तर मुळातच अपुरे आहे.

दुसरे उत्तर असते, “नामनिर्देशन करून ठेवा.” नॉमिनीबद्दल लोकांचा जितका गैरसमज आहे तितका वारसाहक्काच्या दुसऱ्या कोणत्याच गोष्टीबद्दल नसेल. विम्याचा नॉमिनी पैसे केवळ स्वीकारतो, मालक वारसच असतात, हे सर्वोच्च न्यायालयाने सरबती देवी खटल्यात १९८३ साली सांगितले. भागभांडवलाच्या बाबतीतही तेच तत्त्व १४ डिसेंबर २०२३ च्या शक्ती येझदानी निकालात कायम झाले. २०१५ साली विमा कायद्यातील कलम ३९ बदलून काही नॉमिनींना पैशांचे खरे मालक करण्यात आले. ते कोण, तर आईवडील, पती किंवा पत्नी, आणि मुले. जोडीदाराचे नाव अर्जावर लिहिता येते, विमा कंपनी धनादेशही त्याच्याच नावे काढते, आणि दुसऱ्या दिवशी वारसांची नोटीस येते. भविष्य निर्वाह निधीत सदस्याला ‘कुटुंब’ असेल, तर कुटुंबाबाहेरच्या व्यक्तीचे नामनिर्देशनच अवैध ठरते. महाराष्ट्रात सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सदस्याने आपल्या जोडीदाराला निदान सहयोगी सदस्य करून ठेवावे म्हटले, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्या व्याख्येत जावई, सून, भाचे, पुतणे आहेत, जोडीदार नाही.

मग जिवंतपणीच देऊन टाकावे? महाराष्ट्रात राहते घर पत्नीला, पतीला किंवा मुलांना बक्षीसपत्राने दिले, तर मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. जोडीदाराला दिले, तर ते परक्याला दिल्यासारखे बाजारभावाच्या टक्केवारीने भरावे लागते. ५०,००० रुपयांपेक्षा अधिक किमतीची भेट ‘नातलगा’कडून आली तर आयकर नाही; जोडीदार नातलगाच्या व्याख्येत बसत नाही. दोघांपैकी एकाच्या पैशाने दुसऱ्याच्या नावे घर घ्यावे, तर बेनामी व्यवहार प्रतिबंध कायद्यातली सूट पती-पत्नी आणि मुले यांच्यासाठी आहे. एकेक नियम स्वतंत्रपणे पाहिला तर तो समजण्यासारखा वाटतो. सगळे एका टेबलावर मांडले, की ध्यानात येते ते एवढेच : वारसाहक्क नसलेल्या माणसाला जे जे पर्याय सुचवले जातात त्या प्रत्येकाच्या दारावर पुन्हा तोच पहारेकरी बसलेला आहे आणि तो पुन्हा तोच प्रश्न विचारतो.

“मग लग्न का करत नाही?” असेही विचारले जाते. काहींना करायचे नसते. तो त्यांचा प्रश्न आहे. काहींना करता येत नाही. समलिंगी जोडप्यांना विवाहाचा हक्क १७ ऑक्टोबर २०२३ च्या सुप्रियो निकालाने नाकारला आणि त्यांच्या अडचणींचा विचार समितीवर सोपवला. त्यानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने अशा जोडप्यांना संयुक्त बँक खाते उघडण्यास व एकमेकांचे नामनिर्देशन करण्यास आडकाठी नाही, असे स्पष्ट केले. हे चांगलेच झाले. परंतु नॉमिनीचा अर्थ काय, ते वर सांगितलेच आहे. आंतरधर्मीय जोडप्यांपैकी अनेक जण विशेष विवाह अधिनियमातील तीस दिवसांच्या जाहीर नोटिशीला घाबरून वर्षानुवर्षे लग्नाविना राहतात. आणि असेही पुष्कळ आहेत ज्यांच्या पहिल्या लग्नाचा घटस्फोट दहा-बारा वर्षे न्यायालयात अडकला आहे, म्हणजे विलंब आमच्या व्यवस्थेचा आणि शिक्षा त्यांच्या नव्या जोडीदाराला.

कायद्याने सहजीवन अजिबात ओळखलेच नाही, असे नाही. २००५ च्या घरगुती हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने ‘विवाहाच्या स्वरूपाचे नाते’ मान्य केले, वेलुसामी खटल्यात २०१० साली त्याच्या कसोट्या ठरल्या, आणि २०१३ च्या इंद्रा सरमा निकालात न्यायालयाने या नात्यांबाबत कायदा करण्याचा विचार संसदेने करावा असे सुचवले. त्याआधी, २००३ साली, मलिमठ समितीने पोटगीच्या कलमातील ‘पत्नी’ या शब्दाचा अर्थ व्यापक करण्याची शिफारस केली होती. उत्तराखंडाच्या समान नागरी संहितेने २७ जानेवारी २०२५ पासून सहजीवनाची नोंदणी सक्तीची केली. न केल्यास तुरुंगवास किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. जोडीदाराने सोडून दिलेल्या स्त्रीला तिथे पोटगी मागता येते. वारसांच्या यादीत मात्र जोडीदाराला स्थान नाही. सरकारदरबारी आपले खासगी नाते नोंदवावे लागते, आणि ते नाते मृत्यूने संपले तर त्या नोंदीचा उपयोग काय, याचे उत्तर कुठेही लिहिलेले नाही. सोडून जाणाऱ्या जोडीदारावर जबाबदारी आहे, मरणाऱ्याच्या मालमत्तेवर नाही, असा हा विलक्षण हिशेब आहे. मी सक्तीच्या नोंदणीच्या विरुद्ध आहे, पण हा हिशेब नोंदणीच्या बाजूच्या लोकांनाही पटू नये.

इतर देशांनी यावर वेगवेगळे मार्ग काढले आहेत. न्यूझीलंडमध्ये साधारण तीन वर्षे एकत्र राहिलेला जोडीदार वारसाहक्कात पतिपत्नीच्या जवळपास बरोबरीने उभा राहतो. स्वीडनमध्ये जोडीदार वारस नाही, पण एकत्र राहण्यासाठी घेतलेले घर आणि घरातील सामान यांची वाटणी होते. इंग्लंडमध्ये मृत्यूपूर्वी सलग दोन वर्षे एकत्र राहिलेल्या जोडीदाराला आपोआप काही मिळत नाही. तो न्यायालयाकडे निर्वाहापुरती तरतूद मागू शकतो. स्कॉटलंडने २००६ साली असाच अर्जाचा मार्ग स्वीकारला. न्यूझीलंडची वाट आपल्याकडे आज चालणार नाही आणि ती चालावी, असा माझा आग्रहही नाही. ज्यांनी जाणीवपूर्वक विवाह नाकारला त्यांच्यावर मागच्या दाराने विवाह लादणे मला अनुचित वाटते. अर्जाचा मार्ग मात्र आपल्या न्यायालयांना परका नाही. विद्याधरी खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने उत्तराधिकार प्रमाणपत्र मृताबरोबर राहिलेल्या दुसऱ्या स्त्रीला नॉमिनी म्हणून दिले आणि त्याच आदेशात कायदेशीर पत्नीचा एक पंचमांश हिस्सा सुरक्षित ठेवला. दोन्ही बाजू पाहून तोल सांभाळण्याचे काम न्यायाधीश करू शकतात. त्यासाठी त्यांना कलम हवे.

म्हणून माझी विनंती अशी, की आयोगाने भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ मध्ये, कोणत्याही धर्माच्या व्यक्तीगत कायद्याला न जोडता, एक स्वतंत्र प्रकरण सुचवावे. मृत्यूपूर्वी सलग तीन वर्षे एकाच घरात जोडीदार म्हणून राहिलेल्या, किंवा दोघांचे अपत्य असलेल्या व्यक्तीला मृत्यूनंतर एका वर्षाच्या आत मृताच्या स्वकष्टार्जित मिळकतीतून वाजवी तरतूद मागण्याचा हक्क असावा, आणि अर्जाचा निकाल लागेपर्यंत तिला राहत्या घरातून काढता येऊ नये. वडिलोपार्जित मिळकतीला हात लावू नये. मृताला हयात पती किंवा पत्नी, अज्ञान मुले अथवा अवलंबून असलेले आईवडील असतील, तर त्यांची गरज आधी भागवली जावी. दोघांनी लेखी ठरवले असेल, की एकमेकांवर असा हक्क नको, तर तो करार मानला जावा. विवाह झाला होता हे सिद्ध करण्याची किंवा समाजाने त्यांना काय मानले हे दाखवण्याची गरज नसावी; ते एकत्र राहत होते, एकमेकांचा भार उचलत होते, एवढे पुरेसे असावे. हिंदू उत्तराधिकार अधिनियमातील कलम २९ च्या आधी, म्हणजे शासनाच्या आधी, जोडीदाराला जागा देण्यास तर कोणाचीच हरकत नसावी. विमा कायद्यातील लाभार्थी नॉमिनींच्या यादीत ‘विमाधारकाने लेखी नमूद केलेला जोडीदार’ ही पाच शब्दांची भर घालण्यासाठी संसदेचे एक सत्रही पुरेल.

खोटे दावेदार उभे राहतील, ही भीती खरी आहे. ते आजही उभे राहतात, फक्त ते गुपचूप झालेल्या लग्नाचे साक्षीदार घेऊन येतात. भाडेकरार, संयुक्त खाते, रुग्णालयातील संमतिपत्रावरची सही, वर्षानुवर्षे एकाच पत्त्यावर आलेली बिले, हे पुरावे मंदिराच्या पुजाऱ्याच्या शपथपत्रापेक्षा तपासायला सोपे असतात, असा माझा अनुभव आहे. पहिल्या पत्नीवर अन्याय होईल ही शंका अधिक गंभीर आहे. मी स्वतः अशा पत्नींच्या बाजूने उभा राहिलो आहे. म्हणूनच तिचा अग्रक्रम कायद्यात स्पष्ट लिहिलेला असावा असे वर सुचवले. आज तो अग्रक्रम नसून मक्तेदारी आहे, आणि ती तिच्या गरजेवर अवलंबून नाही.

आपल्या आयोगाने २००८ साली, २०७ व्या अहवालात, हिंदू स्त्रीच्या स्वकष्टार्जित मिळकतीबाबत हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम १५ मध्ये बदल सुचवला होता. पुढच्याच वर्षी ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण खटल्यात एका विधवेची स्वतः कमावलेली मिळकत, लग्नानंतर अल्पावधीत जिला सासरने बाहेर काढले होते, त्याच सासरच्या माणसांकडे गेली. कायदा तसाच होता आणि न्यायालयाचा नाइलाज होता. तो बदल अजून झालेला नाही. विवाहविच्छेद न झालेल्या पण सासरशी संबंध तुटलेल्या स्त्रीने दुसऱ्या कोणाबरोबर वीस वर्षे काढली, तर तिच्या मागे काय घडेल हे त्याच कलमात वाचता येते. हे दोन्ही विषय एकत्र विचारात घ्यावेत, असे मला वाटते.

आयोगाने या विषयावर सूचना मागवल्यास त्याची नोटीस प्रादेशिक भाषांतही प्रसिद्ध करावी, कारण ज्यांच्याबद्दल हे सगळे आहे त्यांच्यापैकी बहुतेकांना आपल्या नॉमिनीच्या अर्जावर नेमके काय लिहिले आहे, तेही कोणी त्यांच्या भाषेत सांगितलेले नसते. माझ्याकडील अशा दाव्यांच्या नोंदी पक्षकारांची नावे वगळून सादर करण्याची माझी तयारी आहे.

आपला विश्वासू,
एक दिवाणी वकील